वर घर, खाली दुकान : पाण्याच्या तीन जागा आधी ठरवा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या कापडाच्या गावांत आजही अनेक व्यापाऱ्यांची राहणी एकच आहे. खाली गाळा किंवा गोदाम आणि वर कुटुंब. खाली ताके रचलेले असतात आणि वर मोरी, न्हाणी, शौचालय. म्हणजे ज्या मालावर आमची उधारी, देणेघेणे आणि मुलाबाळांचा खर्च चालतो, त्या मालाच्या डोक्यावर रोज पाणी ओतले जाते. तरीही घर बांधताना किंवा दुरुस्त करताना आमचे सर्वात जास्त लक्ष बैठकीच्या खोलीकडे असते. छताचे प्लास्टर, झुंबर, सोफा यांवर महिनाभर चर्चा चालते. मोरी कुठे करायची हे मात्र मिस्त्री पाच मिनिटांत ठरवतो.

आम्ही कापडाच्या धंद्यात तीस वर्षांहून अधिक काळ आहोत. बांधकाम हा आमचा पेशा नाही. पण ओलीने खराब झालेला माल कितीदा पाहिला, त्याचा हिशेब नाही. म्हणून या पानावर आज कापडाच्या भावाऐवजी घरातल्या तीन लहान जागांबद्दल लिहीत आहोत. पहिली, दाराजवळची जागा, जिथे चप्पल, छत्री आणि बाहेरचा चिखल थांबतो. दुसरी, कपडे धुण्याची आणि वाळवण्याची जागा. तिसरी, बैठकीजवळचे पाहुण्यांचे लहान शौचालय. परदेशी मासिकांत यांना मडरूम, लॉन्ड्री आणि पावडर रूम अशी नावे आहेत. नावे नवी असली तरी कल्पना नवी नाही. कोकणातली पडवी, देशावरची ओसरी आणि अंगणातला हातपाय धुण्याचा दगड हेच काम करीत होते. जमीन महाग झाली, अंगण गेले, पण ती कामे घरातच राहिली. त्यांना जागा मात्र कोणी नेमून दिली नाही.

आधी जागा, मग टाइल

घराचा नकाशा काढताना पहिला प्रश्न असा विचारावा की या पाण्याच्या जागेच्या बरोबर खाली काय आहे? खाली ताके, गाठी किंवा विजेचा बोर्ड असेल, तर ती जागा बदलावी. जिना, बोळ, मागची मोकळी जागा किंवा खालची मोरी यांच्यावर पाण्याची जागा आली तर उत्तम. वरच्या आणि खालच्या मजल्याच्या ओल्या जागा एकावर एक असल्या, तर पाइप सरळ खाली उतरतो, वळणे कमी होतात आणि तुंबणे कमी होते.

दुसरा नियम असा की तिन्ही जागा शक्यतो एकाच बाहेरच्या भिंतीला लागून असाव्यात. धुण्याची मोरी, शौचालय आणि बेसिन एका भिंतीवर आले, तर पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप लहान होतात. जितका पाइप लांब तितके सांधे जास्त आणि गळती बहुधा सांध्यातच होते. घराच्या मधोमध सोयीचे दिसते म्हणून शौचालय केले, तर त्याचा पाइप स्लॅबच्या पोटातून पंधरा-वीस फूट फिरवावा लागतो. तो पाइप उद्या गळला तर खालचा माल हलवून छत फोडण्यावाचून इलाज राहत नाही.

कमोड निवडताना एक गोष्ट आमच्यासारख्या वर घर, खाली दुकान असणाऱ्यांनी जरूर पाहावी. एस ट्रॅपच्या कमोडचा निकास जमिनीतून खाली जातो, म्हणजे स्लॅबला चार इंची पाइपचे भोक पडते. पी ट्रॅपच्या कमोडचा निकास मागच्या भिंतीतून बाहेर जातो. बाहेरची भिंत मिळत असेल तर पी ट्रॅप घ्यावा. स्लॅबला जितकी भोके कमी, तितकी खालच्या मालाला धास्ती कमी.

दाराजवळची जागा

यंत्रमागाच्या गावात बाहेरून येणाऱ्याच्या अंगावर फक्त धूळ नसते. कारखान्यातून आलेल्या माणसाच्या कुर्त्यावर कापसाचे बारीक तंतू असतात. तसाच कुर्ता धुण्याच्या यंत्रात गेला तर ते तंतू यंत्राच्या जाळीत आणि मोरीच्या ट्रॅपमध्ये जाऊन बसतात. मोरी तुंबली की आम्ही प्लंबरला बोलावतो, पण तुंबण्याची सुरुवात दारातच झालेली असते. दारात एक खुंटी आणि एक कपड्यांचा ब्रश ठेवला, कारखान्याचा कुर्ता तिथेच झटकला, तर निम्मे काम होते.

या जागेला फार मोठी खोली लागत नाही. तीन फूट रुंद आणि चार-पाच फूट लांब तुकडा पुरतो. त्यात बसायला सोळा ते अठरा इंच उंचीचा बाक, बाकाखाली चपलांची उघडी फळी आणि वर खुंट्या, एवढेच हवे. चपलांचे बंद कपाट पावसाळ्यात कुबट वास धरते, म्हणून फळी उघडी किंवा जाळीची असावी. बाकाचा खरा उपयोग वडीलधाऱ्यांना होतो. एका पायावर उभे राहून बूट काढताना तोल जातो, हे प्रत्येक घरात पाहायला मिळते.

फरशी इथे गुळगुळीत नको. मोरबीच्या चकचकीत टाइल्स बैठकीत शोभतात, पण पावसाळ्यातल्या ओल्या चपलेखाली त्या घसरतात. दाराजवळ आणि मोरीत खडबडीत कोटा किंवा शहाबादी फरशी आजही चांगले काम देते. टाइलच हवी असेल तर खडबडीत पृष्ठभागाची घ्यावी आणि दुकानात तिच्यावर पाणी टाकून पायाने तपासून घ्यावी. ही जागा आतल्या खोलीपेक्षा अर्धा इंच खाली ठेवली, तर छत्रीचे पाणी आत जात नाही.

धुण्याची जागा

घरातल्या बायकांचा दिवसातला मोठा वेळ या जागेत जातो, पण नकाशा दाखवताना त्यांना विचारले जात नाही. आमचे म्हणणे असे की धुण्याची जागा ठरवताना शेवटचा शब्द घरातल्या बाईचा असावा. बादली किती वेळा उचलावी लागते, दोरीपर्यंत हात पोचतो का, वाकून कंबर दुखते का, हे तिलाच ठाऊक असते. कडाप्प्याचा धुण्याचा ओटा दोन ते अडीच फूट उंच केला, तर उभ्याने धुता येते आणि कंबरेचा त्रास कमी होतो.

कापड विकणारे म्हणून आम्ही आणखी थोडे सांगू शकतो. गडद रंगाची नवी लुंगी, ओढणी किंवा छापील चादर पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सोडते. ग्रे म्हणजे प्रक्रिया न केलेले सुती कापड पहिल्या पाण्यात आखडते, म्हणून शिवण्यापूर्वी ते भिजवावे लागते. या कामांना दोन वेगळी टबे लागतात, एक पांढऱ्याचे आणि एक रंगीताचे. जागा आखताना दोन टबे आणि एक पिळण्याची जागा यांचा हिशेब धरावा. क्लोरीनचा ब्लीच रेशमी आणि लोकरी कापड खातो, म्हणून त्याची बाटली साबणाच्या फळीवर न ठेवता वेगळ्या फळीवर ठेवावी.

वाळवण्याचे गणित गावागणिक बदलते. मालेगावात पाऊस कमी आणि ऊन कडक. तिथे रंगीत कपडा उलटा करून सावलीत वाळवला नाही तर रंग उडतो. भिवंडीत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपडे दोन दिवस ओलेच राहतात. तिथे वर छप्पर आणि दोन बाजूंनी वारा येईल अशी जागा हवी. छताला पुलीवर खालीवर होणाऱ्या दांड्या लावल्या, तर खालची जागा मोकळी राहते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ज्याला ड्राय बाल्कनी म्हणतात, ती काचेने पूर्ण बंद करण्याची चाल आहे. त्यामुळे घर मोठे दिसते, पण कपडे वाळत नाहीत आणि भिंतीला बुरशी धरते.

धुण्याचे यंत्र घेणार असाल तर यंत्राआधी जागा तयार करा. बहुतेक यंत्रे सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असतात आणि मागे पाइपसाठी चार इंच सोडावे लागतात. पुढून उघडणारे रिकामे यंत्रच साठ-सत्तर किलो भरते आणि पिळताना हादरते, म्हणून त्याखालची जमीन भरीव आणि सपाट हवी. हीटर असलेल्या यंत्राला १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी हवाच. ओल्या जागेत हा खर्च जिवासाठी आहे, त्यात काटकसर नको. बोर्ड नळापासून दूर आणि उंच लावावा.

पाण्याचा दाबही पाहावा. दहा मीटर उंचीवरचे पाणी साधारण एक बार दाब देते, म्हणजे टाकी तीन मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार मिळतो. यंत्राच्या पुस्तिकेत किमान दाब लिहिलेला असतो. तो वाचून मगच यंत्र घ्यावे, नाहीतर सर्वात वरच्या मजल्यावर यंत्र पाण्याची वाट पाहत बसते.

पाहुण्यांचे लहान शौचालय

व्यापाऱ्याच्या घरी माणसांची ये-जा असते. दलाल येतो, परगावचा गिऱ्हाईक येतो. त्याला हात धुवायचे असले तर झोपण्याच्या खोलीतून किंवा स्वयंपाकघरातून जावे लागते आणि घरातल्या बायकांना उठून आत जावे लागते. बैठकीजवळ एक लहान शौचालय आणि बेसिन असले, तर पाहुण्याचीही सोय होते आणि घरच्यांचीही.

युरोपात अठराव्या शतकात केसांच्या टोपांवर पावडर मारण्यासाठी लहान खोली असे, तिथून पावडर रूम हे नाव आले. आमच्याकडे तिचा उपयोग वेगळा आहे, म्हणून रचनाही वेगळी हवी. राष्ट्रीय इमारत संहितेत शौचालयाची किमान रुंदी ०.९ मीटर आणि क्षेत्र १.१ चौरस मीटर दिले आहे, म्हणजे साधारण तीन फूट बाय चार फूट. बेसिनसह तीन बाय पाच फूट धरावे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार उघडता येत नाही.

वुजूसाठी बेसिनवर पाय उचलून धुणे वृद्धांना धोक्याचे असते. जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर एक नळ आणि समोर बसण्यापुरता ओटा केला, तर ती अडचण सुटते. हा ओटा शौचालयाच्या आत न करता बेसिनसह बाहेरच्या कोपऱ्यात करावा. बैठकीची दिशाही नकाशातच ठरवावी. महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेला किंचित उत्तरेकडे येतो, म्हणून आमच्याकडे भांडे उत्तर-दक्षिण ठेवतात. निकासाचा पाइप एकदा बसला की दिशा बदलणे म्हणजे तोडफोड.

या लहान खोलीचा वापर कमी, म्हणून तिला एक खास खोड असते. जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच पाणी साचून राहते आणि तेच गटाराचा वास अडवते. आठ-पंधरा दिवस पाणी पडले नाही तर ते वाळून जाते आणि वास घरात येतो. लोक फिनेल ओततात. खरा उपाय आठवड्याला एक मग पाणी. खिडकी नसेल तर सहा इंची पंखा बाहेरच्या हवेत काढावा, छताच्या पोकळीत नव्हे.

फरशीच्या आतले काम

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजारातल्या एका गाळ्यात छताला आधी तळहाताएवढा डाग आला. वरच्या मजल्यावर नुकतीच महागडी टाइल बसवली होती, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. पावसाळ्यानंतर रचलेले ताके हलवले, तेव्हा मागच्या रांगेतले कापड काळे पडलेले निघाले. यंत्रमागावरच्या सुती कापडाला कांजी असते आणि कांजी ही बुरशीची खुराक आहे. तो माल चिंधीच्या भावाने गेला. तपासायला आलेला जुना मिस्त्री म्हणाला, “सेठ, टाइल पाणी अडवत नाही. टाइलखालचा कोबा अडवतो.”

हे वाक्य प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावे. टाइलच्या सांध्यांतून पाणी खाली जातेच. म्हणून कामाचा क्रम असा असावा. पहिले, स्लॅब साफ करून पाइपच्या भोवतीची पोकळी न आखडणाऱ्या मसाल्याने भरणे. दुसरे, वॉटरप्रूफिंगचे दोन हात देणे आणि ते भिंतीवर किमान एक फूट, अंघोळीच्या जागी त्याहून बरेच वर चढवणे. तिसरे, ट्रॅप बंद करून पाणी भरून किमान २४ तास, जमल्यास ४८ तास ठेवणे आणि खालून छत पाहणे. चौथे, विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन घालणे आणि त्याला आठवडाभर पाणी मारणे. पाचवे, पुन्हा पाणी भरून पाहणे. मग टाइल.

उतार चार फुटांना एक इंच ठेवला तर मोरीत पाणी साचत नाही. ओल्या जागेची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा इंचभर खाली असावी आणि दारात दगडाचा उंबरा असावा. थंड पाण्याला यूपीव्हीसी आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप वापरावा. जुन्या घरातले लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात. भिंत फोडायचीच असेल तर ते त्याच वेळी बदलावेत.

जुन्या घरात गळती कशी शोधावी

छताला डाग दिसला की आधी फोडाफोड करू नये. रात्री सगळे नळ बंद करून वरच्या टाकीतल्या पाण्याची खूण करावी. सकाळी पाणी उतरले असेल तर पुरवठ्याचा पाइप किंवा एखादा नळ गळतो. पाणी तेवढेच असेल तर दोष फरशीत किंवा निकासाच्या पाइपात असण्याचा संभव जास्त. मग ट्रॅपला कापडाचा बोळा लावून मोरीत इंच-दीड इंच पाणी एक दिवस ठेवावे. डाग वाढला तर फरशी दोषी. डाग तसाच राहिला तर निकासाचा पाइप तपासावा. या दोन चाचण्यांना एक पैसा लागत नाही. वरचा-खालचा शेजारी असेल तर दोघांनी मिळून त्या कराव्यात, म्हणजे भांडण होत नाही. आपल्या पाण्याने शेजाऱ्याची भिंत भिजत असेल, तर ती दुरुस्त करणे हा त्याचा हक्क आहे, आपला उपकार नाही.

नवा फ्लॅट घेतलेल्यांनी हेही जाणून असावे की २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार तोंडी न करता लेखी करावी आणि पोच घ्यावी.

हिशेब आणि करार

आम्ही सूत घेताना काउंट तपासतो, ताक्याची लांबी मोजतो. मिस्त्रीला काम देताना मात्र “तुम्ही बघून घ्या” म्हणतो. काम चार टप्प्यांत लिहून घ्यावे : तोडफोड आणि पाइप, वॉटरप्रूफिंग, कोबा, टाइल. प्रत्येक टप्प्याची रक्कम वेगळी ठरवावी आणि पाण्याची चाचणी पास झाली की त्या टप्प्याचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. कारागिराचे पैसे अडकवून काम चांगले होत नाही. चाचणी न करता पैसे देऊनही ते होत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुने अंदाजपत्रक कोणी पुढे केले तर त्यातला दर नव्याने लावून घ्यावा. पैसे कमी पडत असतील तर टाइल साधी घ्यावी, नळ साधा घ्यावा, आरसा पुढच्या वर्षी लावावा. टाइल कधीही बदलता येते. कोबा आणि पाइप यांवर काटकसर केली तर टाइलही जाते आणि मालही.

विम्याचाही विचार करावा. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ या ठरावीक पॉलिसी आहेत. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेले नुकसान त्यांत येते. पण महिनोन्महिने झिरपणारी ओल हे अचानक घडलेले नुकसान नव्हे, तिचा दावा टिकणे कठीण असते. म्हणून विमा असला तरी ताके जमिनीपासून सहा इंच वर फळ्यांवर आणि भिंतीपासून सुटे ठेवावेत आणि दर महिन्याला मागची रांग हलवून पाहावी.

पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला सर्वात चांगली. भिंती वाळलेल्या असतात आणि कोबा सावकाश पक्का होतो. ज्यांना यंदा घराचे काम काढायचे आहे, त्यांनी टाइलच्या दुकानात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ घरातल्या बायकांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन बसावे, कागदावर या तीन जागा आखाव्यात आणि प्रत्येक जागेच्या खाली काय आहे ते त्याच कागदावर लिहावे.